कार्टून मालिकेचा अंक काढताना मालिका बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहान मुलांच्या एका धुमाकूळ घालणाऱ्या कार्टून मालिकेवरून सोळा पानी रंगीत चित्रकथेचा अंक करायचं काम तुम्हाला मिळालं आहे. मालिकेतले सगळ्यात गाजलेले प्रसंग निवडून तुम्ही पानांवर मांडले. पात्रं मॉडेल शीटबरहुकूम (म्हणजे पात्र कसं काढायचं ते ठरवून देणाऱ्या नमुनापत्रकाप्रमाणे) आली, संवादही तेच ठेवले, तरी पान मेल्यासारखं वाटतं. परदेशात असे अंक वर्षानुवर्षं निघतात, मग त्यांना हे कसं जमतं आणि त्यातले कोणते पाहावेत?

मी स्टोरीबोर्ड, म्हणजे पडद्यावरच्या भागाचा चौकटी-चौकटींतला कच्चा आराखडा, आणि चित्रकथा ही दोन्ही कामं करतो, त्यामुळे हा घोळ रोजच्या ओळखीचा आहे. घोळ तुमच्या चित्रांत नाही, प्रसंगांच्या निवडीत आहे. पडद्यावर एखादा प्रसंग गाजतो तो आवाजामुळे, मध्येच घेतलेल्या थांब्यामुळे आणि त्या थांब्यानंतर बसलेल्या दणक्यामुळे. कागदावर नेमक्या याच तीन गोष्टी नसतात. त्यामुळे मालिकेत जे सगळ्यात जास्त चाललं, तेच अंकात सगळ्यात आधी आपटतं. मालिकेतून पात्रांचे स्वभाव घ्या, त्यांची आपापसातली भांडणं घ्या, प्रसंग मात्र तिथेच राहू द्या. टीव्हीला जन्मात करता येणार नाही आणि कागदाला सहज करता येईल असा कुठला वेडेपणा आहे, ते शोधणं हे तुमचं खरं काम.

साधा हिशोब मांडू. अकरा मिनिटांच्या भागाचा स्टोरीबोर्ड शेकडो चौकटींचा असतो. दहा पानांच्या चित्रकथेत पानाला पाच-सहा चौकटी धरल्या तर जेमतेम पन्नास-साठ होतात. म्हणजे तोच भाग कागदावर आणायचा तर बहुतेक चौकटी फेकाव्या लागणार. फेकताना आपण काय करतो? ठळक क्षण ठेवतो आणि मधलं भरताड काढून टाकतो. पण खुळ्या मालिकेत विनोद त्या भरताडातच असतो. पात्र कड्यावरून पडतं ते महत्त्वाचं नसतं; पडण्याआधी ते हवेत उभं राहून खाली पाहतं, मग आपल्याकडे पाहतं, ते महत्त्वाचं असतं. ठळक क्षण तेवढे ठेवले की हाती गोष्टीचा गोषवारा येतो, आणि गोषवाऱ्याला कुणी हसत नाही.

पडद्यावरचं जसंच्या तसं उचलणं आणि कागदासाठी नव्याने रचणं, या दोन्ही वाटा एकाच मालिकेच्या बाबतीत शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात, म्हणून स्पंजबॉबपासून सुरुवात करा. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका स्पंजची ‘स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स’ ही मालिका निकेलोडियन या मुलांच्या अमेरिकन वाहिनीवर १९९९ साली सुरू झाली. पुढे टोकियोपॉप या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने ‘सिने-मांगा’ नावाच्या प्रकारात तिची पुस्तकं काढली. त्यांत पडद्यावरच्या भागातली चित्रं जशीच्या तशी उचलून चौकटींत लावायची आणि वर संवादाचे फुगे चिकटवायचे. चित्र शंभर टक्के अस्सल, संवाद शंभर टक्के अस्सल. एखादं मिळालं तर जरूर चाळा, कारण तुमच्या पानांचं जे झालंय तेच तिथे झालेलं दिसेल. हलणाऱ्या चित्रातली एक फ्रेम ही मधलीच अवस्था असते. हात अर्धा उचललेला, तोंड अर्धं उघडं. ती पुढच्या फ्रेमच्या भरवशावर काढलेली असते. कागदावरच्या चौकटीला असा पुढचा भरवसा नसतो. तिच्यात आधीचं आणि नंतरचं दोन्ही मावावं लागतं.

दुसरी वाट २०११ साली सुरू झाली. मालिकेचे जनक स्टीफन हिलेनबर्ग यांनी युनायटेड प्लँक्टन पिक्चर्स या स्वतःच्या कंपनीतर्फे ‘स्पंजबॉब कॉमिक्स’ काढायला घेतलं. वितरण बाँगो कॉमिक्सकडे होतं, म्हणजे ज्यांनी ‘द सिंप्सन्स’ या कार्टून मालिकेचे अंक काढले त्यांच्याकडे. २०१८ पर्यंत ८५ अंक निघाले. संपादक होते ख्रिस डफी, आधी ‘निकेलोडियन मॅगझिन’मध्ये काम केलेले. हिलेनबर्गना कॉमिकचं एवढं का पडलं होतं, याला जुनं कारण आहे. ते मुळात समुद्रजीवशास्त्र शिकवणारे. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटी मरीन इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना त्यांनी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या जीवांवर विद्यार्थ्यांसाठी एक चित्रपुस्तिका केली होती, आणि तिच्यात माहिती सांगणारा एक स्पंज होता, नाव बॉब. म्हणजे हे पात्र पडद्यावर जाण्याच्या कितीतरी आधी कागदावर जन्मलं होतं. अंक काढताना ते आपल्या माहेरीच परत आलं, म्हणा ना.

या अंकांमधलं एक उदाहरण मी शिकवताना नेहमी दाखवतो. मालिकेत मर्मेड मॅन आणि बार्नॅकल बॉय असे दोन म्हातारे सुपरहिरो आहेत. वृद्धाश्रमात राहतात, चपला घालून लढायला निघतात आणि वाटेत झोपतात. डीसी कॉमिक्सचा समुद्रातला सुपरहिरो अक्वामॅन आणि त्याचा जोडीदार अक्वालॅड यांची ही उघड टिंगल. टीव्हीवर ती कशामुळे चालते? आवाजांमुळे. मर्मेड मॅनचा आवाज अर्नेस्ट बोर्गनाइनचा, बार्नॅकल बॉयचा टिम कॉनवेचा. दोघांनी १९६०च्या दशकात ‘मॅकहेल्स नेव्ही’ या विनोदी मालिकेत एकत्र कामं केली होती. त्या थकलेल्या, खरखरीत आवाजांत त्यांचं सगळं जुनं आयुष्य ऐकू येतं. शेजारी बसलेल्या आजोबांना तर ते आवाज ओळखीचेच असणार. मुलांना यातलं काही माहीत नसतं, पण या दोघांचा एक काळ होऊन गेलाय हे त्यांच्याही कानाला कळतं.

आता हे कागदावर आणा बरं. आवाज गेला म्हणजे विनोदाचा पायाच गेला. एखाद्या सुमार संपादकाने फुग्यात थरथरती अक्षरं घातली असती, खोकल्याचे आवाज घातले असते. ‘स्पंजबॉब कॉमिक्स’ने या जोडगोळीच्या कथा चितारायला कुणाला बोलावलं? रमोना फ्रेडन यांना. १९५०च्या दशकात वर्षानुवर्षं अक्वामॅन चितारणाऱ्या त्याच चित्रकर्ती. अक्वालॅड या पात्राच्या निर्मितीतही त्यांचा हात होता. १९२६ साली जन्मलेल्या फ्रेडनबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. ज्या हाताने मूळ नायक गंभीरपणे काढला, त्याच हाताने त्याची टिंगल काढली. तीच जाड-बारीक होत जाणारी रेघ, तीच पाण्यात झेपावणारी शरीरं, तोच जुना थाट, आणि त्या थाटात हा पोट सुटलेला म्हातारा. वाचणाऱ्या मुलाला बाईंचं नाव ठाऊक असायची गरज नाही. बाकीच्या अंकापेक्षा ही पानं जुन्या काळातून आल्यासारखी दिसतात, एवढं त्याला दिसतं आणि पुरतं.

यात नेमकं काय झालं ते नीट बघा. टीव्हीने जे काम आवाजावर सोपवलं होतं, ते अंकाने रेघेवर सोपवलं. प्रसंग उचलला नाही, संवाद उचलला नाही, तरी विनोद तोच पोचला, किंबहुना कागदावर तो जास्त मुरला. तुमच्या मालिकेतल्या प्रत्येक पात्रासाठी हाच प्रश्न विचारा: हे पात्र टीव्हीवर कशाच्या जोरावर हसवतं? आवाजाच्या असेल तर कागदावर ते काम कोण करणार: रेघ, अक्षर, रंग, चौकटीचा आकार, की पानातली जागा? ज्या पात्राचं उत्तर सापडत नाही त्याला या अंकात सुटी द्या. सगळी पात्रं हजर असलीच पाहिजेत हा हट्ट जाहिरात विभागाचा असतो, गोष्टीचा नसतो.

त्याच अंकांत इतरही हात होते. जेम्स कोचाल्का या चित्रकाराच्या एका पानाच्या पट्ट्या असत. त्यांत स्पंजबॉब मॉडेल शीटपासून इतका लांब असे की आपल्याकडच्या एखाद्या ब्रँड मॅनेजरला घाम फुटला असता. मॅरिस विक्स यांच्या खऱ्याखुऱ्या समुद्रजीवांवरच्या चित्रपट्ट्याही असत. त्या विनोदीही होत्या आणि माहितीत अचूकही. पुन्हा ते हिलेनबर्गांचं जुनं शिक्षकी रक्त.

मॉडेल शीटबद्दल इथेच बोलून घेतो, कारण तुम्ही तिच्यापुढे फार दबून वागताय असं तुमच्या प्रश्नावरून वाटलं. ती पडद्यासाठी बनलेली असते. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या अनेक लोकांनी काढलेलं पात्र एका सेकंदापासून दुसऱ्या सेकंदापर्यंत उड्या मारू नये, एवढ्याचसाठी. तुमच्या अंकात सगळी चित्रं तुम्हीच काढणार आहात, मग ती भीती कशाची? पात्र ओळखू आलं पाहिजे हे खरं. पण राग आल्यावर त्याचं डोकं चौकटीबाहेर गेलं, लाजल्यावर ते अंगठ्याएवढं झालं, तर ओळख पुसली जात नाही. पडद्यावर असं पिळलेलं तोंड क्षणभर दिसून जातं. कागदावर ते तिथेच राहतं, वाचणारा हवा तितका वेळ बघू शकतो. म्हणून अशी चित्रं कमी काढा, पण काढाल ती जीव ओतून काढा.

‘रेन अँड स्टिंपी’चे अंक काढणाऱ्यांना याच गोष्टीने छळलं असणार. एक कुत्रा आणि एक बोका यांची ही मालिका निकेलोडियनवर ऑगस्ट १९९१ मध्ये आली. तिची खासियत म्हणजे मध्येच पडदाभर येणारं किळसवाणं, बारकाव्यांनिशी रंगवलेलं जवळून घेतलेलं चित्र: दात, शिरा, शेंबूड, सगळं. ते स्थिरचित्रच असायचं. मग कागदावर ते सहज जमायला हवं, नाही का? नाही जमत. पडद्यावर ते अचानक अंगावर येतं. कागदावर पान उघडताच डोळ्याच्या कोपऱ्यातून ते आधीच दिसलेलं असतं, आणि वाचणारा वरच्या डावीकडच्या चौकटीपासून तिथवर येईस्तोवर धक्का शिळा होतो. मार्व्हलने डिसेंबर १९९२ची तारीख घालून या मालिकेचा पहिला अंक काढला; लेखन डॅन स्लॉटचं, चित्रं माइक कझालेची. तो अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून विकला गेला, आणि आत होतं घाण वासाचं एक कार्ड, खरवडलं की वास सोडणारं. पिशव्यांत घालून अंक विकणं ही त्या काळातली विक्रीची चलाख खेळी होती, त्यात फार कलाबिला शोधू नका. पण नकळत का होईना, तिथे बरोबर वाट सापडली होती. किळस हा त्या मालिकेचा प्राण. टीव्ही किळस दाखवू शकतो, ऐकवू शकतो, हुंगवू शकत नाही. कागद हुंगवू शकतो! पुढे सहाव्या अंकात त्यांनी मालिकेतला पावडर्ड टोस्ट मॅन हा टोस्टच्या डोक्याचा नायक थेट स्पायडरमॅनसमोर उभा केला. तेही टीव्हीवर होण्यासारखं नव्हतं, कारण स्पायडरमॅन मार्व्हलच्या घरचा. ४४ अंक चालली ही मालिका, १९९६ पर्यंत.

‘ॲनिमेनियॅक्स’कडे मात्र वेगळ्या कारणासाठी बघा. १९९३ साली सुरू झालेल्या या मालिकेचे डीसीने १९९५ ते २००० या काळात ५९ अंक काढले. मालिकेतलं सगळ्यात प्रसिद्ध काय, तर गाणी: जगातल्या देशांची नावं धडाधड घेत जाणारं याको या पात्राचं गाणं वगैरे. त्यातलं कागदावर काहीच येत नाही. काय येतं? पिंकी आणि ब्रेन. दोन प्रयोगशाळेतले उंदीर. एक विचारतो, आज रात्री काय करायचं? दुसरा म्हणतो, रोज रात्री करतो तेच, जग जिंकायचा प्रयत्न. रोज योजना, रोज फजिती. या जोडीला डीसीने वेगळी मालिकाही दिली, २७ अंकांची. ठरलेला साचा कागदाला फार मानवतो, कारण वाचणारा स्वतःच्या डोक्यात तो आवाज काढतो. ज्याला मालिका पाठ आहे त्याला ब्रेनचा तो गंभीर स्वर फुकटात ऐकू येतो. तुमच्या मालिकेतही असं एखादं ठरलेलं वाक्य असेलच. कथेत एकदाच वापरा, शक्यतो सुरुवातीला. आवाज डोक्यात सुरू झाला की पुढचे संवाद तोच आवाज वाचतो.

आता तुमच्या सोळा पानांकडे येतो. अंक सेंटर पिनचा, म्हणजे मधल्या घडीवर पिन मारलेला असणार आणि मुखपृष्ठ वेगळं, असं धरतो. म्हणजे पहिलं पान उजवीकडे पडतं, मग २-३, ४-५ अशा समोरासमोरच्या जोड्या. सोळावं पान शेवटचं, ते मलपृष्ठाच्या आतल्या बाजूसमोर येतं. वाचणारा पान उलटतो ते विषम पान संपल्यावर. पुढे काय आहे ते त्याच्यापासून खरोखर लपलेलं असतं ते याच जागी. असे आठ क्षण तुमच्याकडे आहेत: पान २, ४, ६ असं करत १६ पर्यंत. टीव्हीच्या दणक्याला कागदावर एवढीच जागा. बाकी कुठेही धक्का ठेवलात तर वर सांगितलं तसा तो आधीच दिसून फुकट जाईल. म्हणून कथा लिहिण्याआधी ही आठ पानं कोऱ्या कागदावर लिहून काढा आणि त्यांवर काय उघडणार ते ठरवा. अमेरिकन अंकांत मध्ये मध्ये जाहिरातीची पानं येतात, त्यामुळे आपलं कुठलं पान कुठल्या बाजूला पडेल हे लेखकाला बऱ्याचदा शेवटपर्यंत कळत नाही. तुमच्या अंकात जाहिराती कुठे येणार हे आजच विचारून लेखी घ्या. एक जाहिरात आत शिरली की तिच्या पुढचे सगळे धक्के एका पानाने सरकतात. आणि मधली जोडी, ८-९, हा एकच सलग कागद असतो. दोन्ही पानांवर पसरलेलं मोठं चित्र काढायचं तर तिथे काढा. बाकीच्या जोड्यांत घडी आणि कटिंगमध्ये दोन्ही अर्धी थोडी वरखाली होतातच.

एक प्रसंग उघडून दाखवतो. समजा, पात्रासमोर मोठं लाल बटण आहे आणि वर पाटी, ‘दाबू नये’. टीव्हीवर: पात्र पाटी वाचतं, आपल्याकडे बघतं, चार सेकंद शांतता, दाबतं, काहीच होत नाही, निघून जातं, आणि मग मागे शहर उडतं. हे जसंच्या तसं काढलंत तर पाच चौकटींत संपेल आणि कुणी हसणार नाही. त्याऐवजी पान ३ वर एकाच मापाच्या सहा चौकटी करा. कॅमेरा हलवू नका. पार्श्वभूमी, बटण, पाटी, पात्राचं शरीर सहाही ठिकाणी तेच. हलतात फक्त बुबुळं: पाटीकडे, बटणाकडे, वाचणाऱ्याकडे, परत बटणाकडे. पाचव्यात कपाळावर घामाचा एक थेंब. सहाव्यात बोट बटणापासून केसभर अंतरावर. एकही शब्द नाही. चित्र तेच राहिलं की डोळा ‘काय बदललं’ ते शोधत सावकाश चालतो. तुमची चार सेकंदं ही अशी मिळतात.

पान उलटलं. वाचणाऱ्याची अपेक्षा: स्फोट. पान ४ वर मोठ्या चौकटीत पात्र तसंच उभं, बोट बटणावर, आणि काहीही झालेलं नाही. मग त्याच जोडीत पान ५ वर ते आपल्या मित्राबरोबर चालत घरी निघालंय, दोघं जेवायला काय आहे यावर तावातावाने भांडताहेत. फुगे वर डावीकडे, पात्रं मध्ये. आणि उजवीकडे खाली, लांबवर, अंगठ्याच्या नखाएवढं शहर उडतंय. आवाजाचं अक्षर नाही, कुणी मागे वळून बघत नाही. वाचणारा आधी फुगे वाचतो, कारण डोळा अक्षरांकडे धावतो. स्फोट त्याला उशिरा दिसतो, आणि आपणच तो शोधला असं वाटतं. टीव्हीवर जो उशीर संपादनाने मिळत होता, तो इथे जागेने मिळाला. स्फोट नजरेच्या टप्प्यात असूनही लपला, कारण तो लहान आहे आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

यावरूनच फुग्यांचं एक पथ्य: पाठलाग चालू असताना पात्रांना बोलू देऊ नका. टीव्हीवर धावता धावता बडबड चालते, कारण दोन्ही एकाच वेळी घडतं. कागदावर अक्षरं वाचेपर्यंत पळणारा थांबतो. आवाजाची अक्षरं मात्र चित्राचाच भाग म्हणून स्वतः काढा. ‘धडाम’ला वजन असतं, दिशा असते, ते कुणाच्या तरी डोक्यावर पडू शकतं, त्याच्या ‘ड’च्या पोटात कुणी लपू शकतं. लेटरिंगवाल्याने, म्हणजे फुग्यांतली अक्षरं घालणाऱ्याने, शेवटी कॉम्प्युटरवर तयार फाँटमध्ये चिकटवलेलं ‘धडाम’ म्हणजे चित्राला लावलेलं लेबल.

कागदाच्या वेडेपणाचा सगळ्यात धीट नमुना ‘ॲडव्हेंचर टाइम’च्या दहाव्या अंकात आहे. मालिका कार्टून नेटवर्कवर २०१० ते २०१८ चालली. बूम स्टुडिओजच्या कबूम या मुलांच्या विभागाने फेब्रुवारी २०१२ पासून अंक काढले. लेखक टोरोंटोचे रायन नॉर्थ, चित्रं शेली पॅरोलिन आणि ब्रेडन लँब या जोडीची. नॉर्थ मुळात संगणकीय भाषाशास्त्र शिकलेले, आणि दर वेळी तीच चित्रं ठेवून फक्त संवाद बदलणारी डायनासोरची चित्रपट्टी चालवणारे. अशा माणसाला चौकट म्हणजे काय हे नव्याने सांगावं लागत नाही. दहाव्या अंकात त्यांनी गोष्टीला फाटे फोडले. पुढे काय करायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं आणि निवडीप्रमाणे पुढच्या ठिकाणी जायचं. टीव्हीचा भाग एका दिशेने वाहतो. अंकात सगळ्या वाटा एकाच वेळी छापून हातात असतात. वाचणारा एक वाट निवडतो, पण जाता जाता दुसऱ्या वाटेवरचं चित्र त्याच्या नजरेस पडतंच. मग तो बोट घालून मागचं पान धरून ठेवतो, पुढे डोकावतो, आवडलं नाही तर परत येतो. ही लबाडी लेखकाने गृहीत धरलेली असते, आणि गंमतीचा अर्धा भाग तोच असतो.

त्याच अंकांत पानांच्या अगदी तळाशी, फिक्कट बारीक अक्षरांत नॉर्थ यांची टिप्पणी चालू असते. बहुतेकांच्या ती आधी लक्षातच येत नाही. लक्षात आली की माणूस पहिल्या पानापासून परत सुरू करतो. एका अंकाच्या पैशांत दोनदा वाचन! बूमने अंकाच्या शेवटी एक छोटी कथा स्वतंत्र चित्रकारांकडून त्यांच्या शैलीत करून घ्यायची पद्धत ठेवली, मुख्य कथा मात्र मालिकेच्या रूपाला धरून. या अंकांना २०१३ साली मुलांसाठीच्या सर्वोत्तम प्रकाशनाचा आइसनर, म्हणजे अमेरिकन कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार मिळाला.

सोळा पानांत पूर्ण फाटे फोडायला जाऊ नका, जीव जाईल. एका जोडीपुरतं करा: पान १०-११ वर गुहेचा नकाशा, तीन वाटा, दोन वाटा गोल फिरून परत तिथेच. मुलं बोट फिरवत बसतील.

असल्या कागदी खोड्या आपल्याला नवीन नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या ‘आवाज’च्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं आठवा. पानाला कापलेल्या चौकोनातून काहीतरी भलतंच चावट दिसतं, पान उलटावं तर निरागस चित्र निघतं. पान उलटण्याची क्रियाच तिथे विनोद आहे. हे टीव्हीवर करून दाखवा म्हणावं. तुमच्या बजेटमध्ये डाय-कटिंग, म्हणजे साच्याने कागद कापणं, बसणार नाही, पण कापायची गरजही नाही. विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत पात्राचा अर्धाच भाग दाखवा, सम पानाच्या पहिल्या चौकटीत उरलेला.

शेवटी मंजुरी. मालिकेचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते प्रत्येक टप्प्यावर मान डोलावणार: आधी कथेचा सारांश, मग संवाद, पेन्सिल, इंकिंग (पेन्सिलवर शाईची रेघ), रंग, लेटरिंग. यात खरी आडकाठी सारांशाच्या टप्प्याला येते, कारण वर सांगितलेल्यातलं काहीच सारांशात दिसत नाही. ‘पात्र बटण दाबतं, काही होत नाही, नंतर शहर उडतं’ असं लिहिलंत तर समोरचा म्हणेल, यात काय गंमत, त्यापेक्षा आमचा तो गाजलेला पावसाचा एपिसोड घ्या ना. म्हणून नुसता सारांश पाठवू नका. ए-फोर कागद दुमडून, मध्ये पिन मारून खऱ्या क्रमाची सोळा पानी डमी, म्हणजे अंकाची नमुना प्रत, करा. चित्रं काड्यांच्या माणसांची चालतील, पण पानं खरी उलटली पाहिजेत. तिची पीडीएफ करून ईमेलने पाठवू नका. स्क्रीनवर पानं एकाखाली एक सरकतात आणि आठही धक्के मरतात. डमी घेऊन स्वतः जा, समोरच्याच्या हातात द्या आणि त्याला उलटू द्या. तो वाचत असताना मध्ये बोलू नका. आणि त्याच भेटीत मागून घ्या: शेवटची दोन पानं मॉडेल शीट बाजूला ठेवून तुमच्या हाताने काढायची परवानगी. डमी हातात असताना ‘हो’ म्हणणं त्यांनाही सोपं जातं. नंतर ईमेलवर विचारलंत तर ते पत्र कायदा विभागाकडे जाईल आणि अंक छापून झाल्यावर उत्तर येईल.